पोळपाट : घरच्या लेथवरील कातकाम

फिरत्या लाकडाला धारदार हत्यार लावून त्यास गोल आकार देणे म्हणजे कातकाम. ते करणारा तो कातारी. गोव्याच्या सीमेलगत असलेल्या सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी याच कामातून घडतात. विजेवर चालणाऱ्या लहान लेथमुळे हे काम घरीही करता येते. पोळपाट हा त्यातील उपयुक्त, परंतु जपून करावयाचा नमुना होय.

लाकूड : शिसव किंवा सागवान टिकाऊ असते, आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. खोडाची आडवी चकती मात्र वापरू नये. सुकताना लाकूड वर्तुळाकार वलयांच्या दिशेने जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याच्या दिशेने आक्रसते. या ताणाने चकती तडकते. म्हणून गाभा वगळून उभ्या चिरलेल्या फळीतून तुकडा घ्यावा. तो पुरता सुकला की नाही हे वजनावरून कळते. दर आठवड्यास तोलून वजन उतरणे थांबले, की लाकूड कामास योग्य समजावे.

जोडणी व वेग : सुमारे ४ सेंटिमीटर जाडीचा गोल कापलेला तुकडा खालच्या बाजूने स्क्रूंनी फेसप्लेटवर घट्ट बसवतात. २५ सेंटिमीटर व्यासासाठी मिनिटाला ६०० ते ९०० फेरे हा रूढ वेग आहे. ७०० फेऱ्यांना कडेचा वेग ताशी सुमारे ३३ किलोमीटर असतो. २,००० फेऱ्यांना तो ९४ किलोमीटरवर जातो. या वेगाने सुटलेला तुकडा जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे आरंभ सर्वांत कमी वेगाने करावा, त्यापूर्वी तुकडा हाताने एक फेरा फिरवून पाहावा आणि तो फिरत असताना त्याच्या समोरच्या रेषेत उभे राहू नये. संपूर्ण चेहरा झाकणारे कवच व धूळरोधक मुखपट्टी आवश्यक आहे. हातमोजे, सैल बाह्या व ओढणी यंत्रात अडकतात, ती वर्ज्य.

घडण : प्रथम कड, मग पृष्ठभाग कातावा. पृष्ठभागावर हत्यार आपल्या बाजूच्या, म्हणजे लाकूड खाली येत असलेल्या अर्ध्या भागावरच टेकवावे. पलीकडच्या अर्ध्यावर ते उसळते. यंत्र थांबवून सरळ पट्टी आडवी धरावी. पट्टीखालून उजेड दिसला, तर पोळी असमान लाटली जाईल. खाली तीन पाय बसवावेत. तीन टेकूंवरील वस्तू असमान ओट्यावरही डगमगत नाही.

लेप व निगा : व्हार्निशचा थर झिजून पिठात मिसळू शकतो, तर स्वयंपाकाची बहुतेक तेले कालांतराने खवट होतात. खाद्य दर्जाचे खनिज तेल वा त्यात वितळवलेले मधमाशांचे मेण योग्य. पोळपाट पाण्यात बुडवून ठेवू नये. धुतल्यावर पुसून कडेवर उभा करावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या सुकतात आणि तो वाकत नाही. पावसाळ्यात ही दक्षता विशेष घ्यावी.