शेवटची गाडी साडेपाचची

मंडळी, परवा आपल्या कॉलेजच्या हॉलमध्ये सकाळी दहापासून बसून सात एकांकिका पाहिल्या. सातही पोरापोरींनी स्वतः लिहिलेल्या. बातमीला चारच ओळींची जागा मिळाली, म्हणून उरलेलं इथं लिहितोय.

एक एकांकिका डोक्यातून जात नाही. एसटी स्टँडवरचा एक बाक, चार मुली आणि न येणारी शेवटची गाडी. बस्स, एवढंच. प्रकाशयोजना म्हणजे हॉलच्या ट्यूबलाइट. पण गाडी चुकली तर घरी काय बोलतील, मग कॉलेज बंद होईल का, याची भीती त्या चौघींच्या बोलण्यातून अशी सरकत आली की मागची हुल्लड करणारी पोरंही गप्प झाली. लिहिणारी मुलगी विंगेत उभी होती. नंतर विचारलं, तू का नाही काम केलंस? म्हणाली, "सर, तालमी कॉलेज सुटल्यावर. माझी गाडी साडेपाचला. थांबता येत नव्हतं, म्हणून लिहून दिलं."

शेवटी परीक्षक बोलले. पुढच्या वर्षी मोठ्या स्पर्धेत उतरायचं असेल तर बाहेरून लेखक-दिग्दर्शक आणा, दर्जा वाढेल. स्टेजवरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मान काही हलली नाही. का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

सरकारी राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली १९५४ ला. ती हौशी संस्थांची, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून नाटक करणाऱ्यांची. कॉलेजच्या पोरांना आपलं असं मोठं मैदान मिळालं ते १९६३ ला. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेनं पुरुषोत्तम करंडक सुरू केला. राजाभाऊ नातूंनी ती स्पर्धा शिस्तीनं वाढवली. भर पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' ही आरोळी घुमते ती याच स्पर्धेत. पुढे प्रयोगशील एकांकिकेसाठी जयराम हर्डीकर करंडक वेगळा ठेवला गेला. म्हणजे पहिला नंबर एकाचा, पण नवं काही करून बघणाऱ्याचाही मान राखायचा, ही समज तिथं होती.

त्या काळातली पुण्याची पोरं बघा. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी. डॉक्टरकी शिकता शिकता नाटक केलं आणि १९७२ ला 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. एकानं बसवलं, दुसरा नाना फडणवीस झाला. मुंबईत देवेंद्र पेम यांचं 'ऑल द बेस्ट' आधी एकांकिकाच होतं, १९९३ ला त्याचं व्यावसायिक नाटक झालं.

म्हणाल, हे पुण्या-मुंबईचं झालं. मग आपल्या मराठवाड्यातलं ऐका. १९५५ ला औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांचं 'युगयात्रा' विद्यार्थ्यांनी केलं. प्रेक्षकांत खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ज्यांच्या घरात शिकणारी पहिलीच पिढी होती, ती पोरं आपल्याच माणसांचा इतिहास उभी करत होती. पुढे त्याच शहरात प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी ही मंडळी 'जिगीषा'त एकत्र आली, एकांकिकांवर हात बसला. १९९१ चं 'चारचौघी' दळवींनीच लिहिलं, कुलकर्णींनीच बसवलं. त्यांनी लेखक बाहेरून मागवला नाही, आपल्यातूनच घडवला.

आता दुसरी बाजू. २०२२ ला पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. स्पर्धेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं. त्यावर बरीच चर्चा झाली, काहींना ते फार कठोर वाटलं. मला त्यात एक गोष्ट दिसते. बक्षीस महत्त्वाचं झालं की मागच्या वर्षी कशाला नंबर मिळाला ते बघून नाटक बेतलं जातं. सेट वाढतो, लाइट वाढतात, ठरलेल्या ठिकाणी ठरलेला हुंदका येतो. आणि सांगायचं काय होतं, तेच हरवतं.

परवाच्या सातपैकी तीन एकांकिका कच्च्या होत्या, हे कबूल. एकीत तर पात्रं मोबाइल हातात घेऊन भाषणंच देत होती. पण कच्चं लिहिणारा पुढच्या वर्षी बरं लिहील. बाहेरचा लेखक आणला तर तो लिहीलच कशाला? आणि बाहेरच्याला साडेपाचची गाडी माहीतच नसते.

म्हणून कॉलेजला एवढंच म्हणणं आहे की बाहेरच्या दिग्दर्शकाला द्यायचे पैसे इथंच आठ दिवसांच्या लेखन शिबिरावर खर्च करा. आणि आपण गावकऱ्यांनी डेपोला एक निवेदन देऊ, तालमींच्या महिन्यात संध्याकाळी सातची एक जादा गाडी सोडा म्हणून. सोमवारी अकरा वाजता मी डेपोत जाणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी खाली कळवा.

पुढच्या वर्षी ती मुलगी विंगेत नको, स्टेजवर दिसली पाहिजे.