जाळं तेच, हेतू नवा: हेल्गोलँडची गोष्ट

आज आपण उत्तर समुद्रातल्या एका बेटावर जाणार आहोत. नाव हेल्गोलँड. जर्मनीच्या किनाऱ्यापासून साधारण ५० किलोमीटरवर, तांबड्या कड्यांचं, जेमतेम एक चौरस किलोमीटरचं. वसंतात आफ्रिकेतून आणि दक्षिण युरोपातून विणीसाठी उत्तरेकडे निघालेले पक्षी हा समुद्र रात्री ओलांडतात. धुकं पडलं, वारा फिरला, की दमलेले थवे इथे उतरतात.

बेटावर झाडं मोजकीच. म्हणून बेटकरी फांद्या रोवून खोटी झुडपं उभारत आणि मागे जाळं लावत. आडोशाला शिरलेला कस्तूर थेट रश्शात जाई.

१८३७ साली हाइनरिश गेटके हा चित्रकार इथे आला. बेट तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं. पन्नासहून अधिक वर्षं त्यानं आलेले पक्षी नोंदले. १८९१ साली त्याचा ग्रंथ निघाला. पण त्याचा बराचसा अभ्यास मारलेल्या पक्ष्यांवर होता. मेलेला पक्षी कुठे सापडला ते कळतं. तो कुठे पोचणार होता, ते कसं कळणार?

उत्तर शेजारच्या डेन्मार्कनं दिलं. १८९९ साली मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकानं स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांक आणि पत्ता कोरलेली अॅल्युमिनियमची कडी घातली आणि त्यांना सोडून दिलं. १९१० साली हेल्गोलँडवर ह्यूगो वायगोल्डनं पक्षिकेंद्र सुरू केलं. पुढे त्यानं बेटकऱ्यांचीच युक्ती उचलली: झुडपांवर जाळीचा बोगदा, तोंड रुंद, आत निमुळता, शेवटी पेटी. पक्षी धरायचा, कडी घालायची, पंख मोजायचा, सोडायचा. हा ‘हेल्गोलँड सापळा’ पुढे इतर देशांतही गेला.

आपला धागा इथेच जुळतो. १९२९ साली बर्लिनला शिकायला गेलेले सालिम अली हेल्गोलँडलाही गेले आणि तिथे कडी घालण्याचं काम शिकले. पुढे १९५९पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पक्षिस्थलांतराचा मोठा प्रकल्प हाती घेतला. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं पॉइंट कॅलिमर हे या कामाचं नावाजलेलं ठिकाण.

मात्र कडी घालणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती असतं. म्हणून तुम्ही गुजरातेत असा की बंगालात, किनाऱ्यावर मेलेल्या पक्ष्याच्या पायात कडी दिसली तर क्रमांक, तारीख, जागा टिपा आणि कडीवरच्या पत्त्यावर कळवा. जिवंत पक्ष्याची कडी काढू नका. ते त्याचं पत्र आहे, आणि प्रवास अजून चालू आहे.