‘एडीसी कमी’ हा शेरा

‘एडीसी कमी’ : रिपोर्टातल्या या दोन शब्दांनी लेखकाच्या घरच्यांचा धीर सुटला. त्यांचा अर्थ त्याच दिवशी कुणीतरी त्यांना समजावून सांगायला हवा होता. एमआरआयच्या डिफ्यूजन तपासणीत पेशींभोवतीचे पाण्याचे रेणू किती मोकळेपणाने हलतात ते मोजतात. फ्रान्सच्या देनी ल बियाँ यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत मेंदूसाठी वापरात आणली. एडीसी हे त्या हालचालीचे माप. निरोगी मेंदूच्या पांढऱ्या भागात ते सेकंदाला साधारण ०.०००७ ते ०.०००८ चौरस मिलिमीटर भरते, मेंदूभोवतीच्या द्रवात सुमारे चौपट. ग्लायोमा ही मेंदूतली गाठ आक्रमक असली की तिच्यात पेशींची सहसा दाटी होते, पाण्याला वाट उरत नाही आणि आकडा उतरतो. शस्त्रक्रियेआधी ग्रेडचा अंदाज बांधतात तो यावरूनही.

मात्र माप कुठे घेतले, याला फार महत्त्व आहे. चौथ्या ग्रेडच्या गाठीचा गाभा बहुधा मेलेला असतो. तिथे पाणी मोकळे, आकडा मोठा. सबंध गाठीची सरासरी काढली तर खोटा दिलासा मिळतो. म्हणून भरीव भागातला सर्वांत कमी आकडा शोधतात. उलट, दुसऱ्या ग्रेडच्या ऑलिगोडेंड्रोग्लायोमातही एडीसी कमी येऊ शकते, आणि पू भरलेल्या गळवात तर बहुधा येतेच. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणानुसार ग्रेड ठरवताना आयडीएच, टर्ट अशा जनुकांतले बदलही पाहतात. त्यासाठी गाठीचा तुकडाच प्रयोगशाळेत जावा लागतो. — संपादक