एफपीजीए म्हणजे काय? कामानुसार जोडणी बदलणारी चिप वीज कशी वाचवते?

संगणकाला साधी बेरीज करायला किती वीज लागते? स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क होरोविट्झ यांनी २०१४ मध्ये याचा हिशोब मांडला. ४५ नॅनोमीटर तंत्राच्या चिपमध्ये ३२ बिटांच्या एका बेरजेला ०.१ पिकोज्यूल ऊर्जा लागते. तीच बेरीज प्रोसेसरला सांगितली, तर खर्च जातो सुमारे ७० पिकोज्यूलवर! उरलेली ऊर्जा आदेश आणणे, तो समजून घेणे आणि आकड्यांची ने-आण करणे यातच खर्च होते.

वर्कशॉपचे उदाहरण

सिन्नरच्या मुसळगाव किंवा माळेगाव औद्योगिक वसाहतीतले एखादे वर्कशॉप डोळ्यांसमोर आणा. कामगार प्रत्येक नगासाठी जॉबकार्ड वाचतो, स्टोअरमधून टूल आणतो, एक काम करतो आणि पुन्हा जॉबकार्डाकडे वळतो. नेहमीचा प्रोसेसर असाच चालतो. कोणतेही काम सांगा, तो करतो. पण हेलपाटे फार.

आता मशिने कामाच्या क्रमाने ओळीत लावली तर? नग एका मशिनवरून थेट पुढच्या मशिनवर जातो. ऑर्डर बदलली की मांडणी बदलायची. एफपीजीए चिप नेमके हेच करते. तिच्यात छोटे लॉजिक ब्लॉक आणि त्यांना जोडणाऱ्या तारांचे जाळे असते. ही जोडणी सॉफ्टवेअरमधून पुन्हा पुन्हा बदलता येते. कल्पना १९६० मध्ये जेराल्ड एस्ट्रिन यांनी मांडली; झायलिंक्स कंपनीची पहिली एफपीजीए १९८५ मध्ये आली.

महाराष्ट्रात कुठे वापरतात?

सिन्नरहून नाशिक-पुणे महामार्गाने पुण्याकडे निघाले की वाटेत नारायणगाव लागते. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेनांमधून प्रत्येकी दोन सिग्नल येतात. दुर्बिणीच्या सुधारित यंत्रणेत ४०० मेगाहर्ट्झ पट्टा टिपताना सेकंदाला एकूण सुमारे ४८ अब्ज नमुने घ्यावे लागतात. हा न थांबणारा प्रवाह आकड्यांत पकडून, त्याची पाकिटे बांधून पुढे पाठवण्याचे काम एफपीजीए बोर्ड करतात. पुढची जड आकडेमोड ग्राफिक्स प्रोसेसर करतात.

मग सगळीकडे एफपीजीए का नाही?

कारण लवचिकपणाची किंमत मोजावी लागते. २००६ च्या एका अभ्यासानुसार, एकाच कामासाठी घडवलेल्या चिपच्या तुलनेत एफपीजीएला चालताना सुमारे १२ पट वीज लागते. शिवाय तिची जोडणी आखणे नेहमीच्या प्रोग्रॅमिंगपेक्षा किचकट असते.

पण एकच काम कोट्यवधी वेळा करायचे असेल आणि पुढे ते बदलण्याचीही शक्यता असेल, तर ही चिप परवडते. मायक्रोसॉफ्टने बिंग सर्चसाठी १,६३२ सर्व्हरमध्ये एफपीजीए बसवून पाहिल्या. २०१४ च्या अहवालानुसार निकालांचा क्रम लावण्याची प्रत्येक सर्व्हरची क्षमता ९५ टक्क्यांनी वाढली, विजेचा वापर मात्र १० टक्केच वाढला. जवळपास दुप्पट काम, वीज जेमतेम दहावा हिस्सा जास्त!