विजेची गाडी आणि गिरणगावची पायवाट

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते व्हिक्टोरिया टर्मिनसवर भारतातील पहिल्या विजेच्या रेल्वेगाडीचे उद्घाटन झाले. जी. आय. पी. रेल्वेची ती चार डब्यांची गाडी हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत गेली. तीन वर्षांनी, ५ जानेवारी १९२८ रोजी, बी. बी. अँड सी. आय. रेल्वेने कुलाबा ते बोरिवली या मार्गावर विजेची गाडी सुरू केली. पहिल्या घटनेला २०२५ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली. या शतकाची हकीकत आपण बहुधा अभियांत्रिकीचा पराक्रम म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेही. परंतु विजेने अंतर कमी केले असे म्हणताना ते कोणासाठी कमी केले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या चार वस्त्या एकाच शहरात, त्याच दोन रेल्वेमार्गांच्या काठी वसलेल्या. तरीही त्यांना या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे मिळाली.

प्रथम विजेची गरज का भासली, ते पाहू. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी वाफेवर चालली आणि पुढची सत्तर वर्षे मुंबईची लोकल वाहतूकही वाफेवरच चालली. वाफेचे इंजिन लांब पल्ल्यासाठी उत्तम; मात्र चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर अशी एकमेकांपासून साधारण मैलभर अंतरावर असलेली स्थानके घेत जाताना त्याची दमछाक होई. गती घेईपर्यंत पुढचे स्थानक यायचे. शेवटच्या स्थानकावर इंजिन सोडवायचे, दुसऱ्या टोकाला नेऊन जोडायचे, त्याला कोळसा-पाणी द्यायचे. तोवर फलाट अडून राहायचा. विजेच्या गाडीत मोटारी डब्यांच्याच खाली असतात आणि दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. ती झटकन वेग घेते, आणि आल्या पावली परत फिरू शकते. समुद्राने वेढलेल्या चिंचोळ्या मुंबईत नवे रूळ टाकायला जागा नव्हती. आहेत त्याच रुळांवरून अधिक गाड्या काढायच्या, तर हा एक मार्ग होता.

मुंबई सरकारचे अभियंते डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी १९०४ मध्येच दोन्ही रेल्वे कंपन्यांच्या मुंबईतील मार्गांचे विद्युतीकरण सुचवले होते. योगायोग असा की, त्याच वर्षी टोकियोत कोबू रेल्वेने आणि इंग्लंडात टाइन नदीकाठच्या उपनगरी मार्गावर विजेच्या गाड्या सुरू झाल्या. म्हणजे कल्पना मुंबईत उशिरा आली नाही. ती प्रत्यक्षात येण्यास एकवीस वर्षे लागली. सल्लागार म्हणून टाइनकाठच्या योजनेशी निगडित असलेल्या चार्ल्स मर्झ यांचीच संस्था नेमली गेली. पुढे महायुद्ध आले आणि काम रखडले. अखेर १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह, ज्याला आपण डीसी म्हणतो, तो निवडण्यात आला. मर्झ यांच्याच सल्ल्याने १९१९ मध्ये मेलबर्नच्या उपनगरी गाड्यांसाठी हीच पद्धत वापरली गेली होती. त्या काळाच्या मानाने निवड अद्ययावत होती. तिचे ओझे पुढे कसे झाले, ते नंतर येईलच.

ही वीज कोठून येणार होती? टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि तेथील वीज तारांवरून परळच्या केंद्रात येऊ लागली. तिचे पहिले मोठे गिऱ्हाईक रेल्वे नव्हती, कापडगिरण्या होत्या. परळ-लालबागच्या गिरण्यांमधील वाफेची इंजिने हळूहळू मागे पडली, ती या सह्याद्रीच्या पाण्यामुळे. भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये आणि भिऱ्याचे १९२७ मध्ये उभे राहिले. टाटांच्या कंपन्या गिरण्यांबरोबर रेल्वेलाही वीज पुरवू लागल्या. भिऱ्यासाठी मुळशीला धरण बांधायचे होते, आणि त्यात मावळातील शेतकऱ्यांच्या भातजमिनी आणि गावे बुडणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांना प्रदीर्घ तुरुंगवास भोगावा लागला. सत्याग्रह अयशस्वी ठरला आणि खोरे बुडाले. मोठ्या धरणाविरुद्ध विस्थापितांनी दिलेला हा आपल्याकडील एक आद्य लढा. विजेच्या गाडीच्या इतिहासात त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो, कारण रेल्वेचा इतिहास रुळांच्या कडेने लिहिला जातो आणि तारेचे दुसरे टोक त्यातून सुटते.

धुराचेही तसेच. १९२९ मध्ये जी. आय. पी. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे वीजघर उभारले. ते कोळशावर चालत होते. शहरातील स्थानकांवरचा धूर कमी झाला, हे खरे. तो कल्याणच्या अलीकडे खाडीकाठी एका ठिकाणी एकवटला, हेही तितकेच खरे. त्याच सुमारास विजेच्या तारा घाट चढून पुण्यापर्यंत आणि पुढच्या वर्षी इगतपुरीपर्यंत पोहोचल्या.

आता त्या चार वस्त्यांकडे वळू. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला आखीव वसाहती वसवायला घेतल्या होत्या. रुंद रस्ते, बगीचे, मोकळी हवा असे तेथील घरांचे स्वरूप होते. गिरगावच्या चाळींत वाढलेल्या मराठी मध्यमवर्गाला तेथे जाणे परवडू लागले होते; मात्र त्याची कचेरी कोटातच राहिली होती. सरकारी कार्यालये, न्यायालये, बँका आणि पेढ्या दक्षिण टोकाला. अशा वेळी भरवशाची, वेळेवर सुटणारी, वारंवार मिळणारी गाडी नसेल, तर दादरला बिऱ्हाड करणे धाडसाचेच ठरले असते. विजेच्या गाडीने ते धाडस दिनक्रमात बदलले. दादरला दोन्ही रेल्वे शेजारी येत असल्याने तेथील रहिवाशाला बोरीबंदर आणि चर्चगेट दोन्ही जवळ झाली. पुढची पिढी त्याच तारेच्या कडेने पार्ल्याला, गोरेगावला, मुलुंडला, डोंबिवलीला गेली. चर्नी रोड आणि ग्रँट रोड ही स्थानके गिरगावकरांना घरच्या उंबऱ्यासारखी होती. त्याच उंबऱ्यावरून गिरगाव हळूहळू बाहेर पडले. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले आणि पश्चिमेकडील मार्ग चर्चगेटला थांबू लागला. दक्षिणेचे टोक आखडत असताना उत्तरेचे लांबत होते.

परळ-लालबागचा कामगार या हालचालीत नव्हता. तो गिरणीपासून पायी जाण्याच्या अंतरावर राहत होता आणि राहणे त्याला भागच होते. बदली कामगाराला सकाळी दारात उभे राहून आज काम मिळते का, ते पाहावे लागे. पाळी चुकली तर खाडा पडे. त्याचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. कोकणातील गावाच्या नावाने घेतलेल्या खोलीत दहा-वीसजण पाळीपाळीने झोपत आणि खानावळीत जेवत. ही सारी व्यवस्था चालण्यावर उभी होती. त्याचा लांबचा प्रवास वर्षातून एकदा-दोनदा, गणपतीला किंवा शिमग्याला. तोही कोकणच्या माणसाला बोटीने करावा लागे, कारण कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडले. लोकल रोज त्याच्या वस्तीतून जाई. पण पगाराच्या हिशेबात पासाला जागा नव्हती आणि दिवसाच्या हिशेबात त्याची गरज नव्हती.

तरीही ही रेल्वे चालवण्यात या वस्तीचा हात मोठा होता. जी. आय. पी. चे परळ आणि माटुंग्याचे, तसेच बी. बी. अँड सी. आय. चे लोअर परळचे कारखाने याच टापूत. तेथील फिटर, सुतार, लोहार आसपासच्या चाळींतच राहत. १९३० मध्ये जी. आय. पी. रेल्वेत मोठा संप झाला. गिरणी कामगारांच्या चळवळीशी त्याचे नाते होते, यात नवल नाही. घराला घर लागून होते.

रुळांमुळे या वस्तीचे आणखी एक वैशिष्ट्य तयार झाले. दोन रेल्वेमार्गांनी गिरणगावाचे उभे पट्टे पाडले. पायी चालणाऱ्याला पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे, तर पूल हाच आधार. गाडी उत्तर-दक्षिण धावते. कामगार, भाजीवाली, शाळेतले मूल पूर्व-पश्चिम चालते. या दोन गतींचा संबंध पुलांवर येतो, आणि विद्युतीकरणाच्या दुसऱ्या पर्वात तोच कळीचा ठरला.

ते पर्व म्हणजे डीसीकडून २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाकडे, म्हणजे एसीकडे, झालेले संक्रमण. कमी व्होल्टला जास्त प्रवाह लागतो; त्यामुळे तांब्याच्या जाड तारा आणि थोड्या-थोड्या अंतरावर उपकेंद्रे लागतात. गाड्या बारा डब्यांच्या झाल्या, त्यांची संख्या वाढली, तेव्हा ही पद्धत तोकडी पडली. भारतीय रेल्वेने १९५७ पासून एसी पद्धत स्वीकारली होती. नव्याने विद्युतीकरण झालेल्या मार्गांना ती सहज मिळाली. मुंबईने मात्र सर्वांच्या आधी सुरुवात केल्यामुळे जुनी व्यवस्था चालू ठेवून, रात्रीच्या चार तासांत, तुकड्या-तुकड्याने ती बदलावी लागली. दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या आणाव्या लागल्या. पश्चिम रेल्वेवरचे काम २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे २०१५ मध्ये संपले. डीसीवरची शेवटची लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून निघाली, ती हार्बर मार्गावरच. १९२५ ची पहिली गाडी ज्या मार्गाने गेली, तोच हा मार्ग.

उच्च दाबाच्या तारेला आजूबाजूला अधिक मोकळी जागा लागते, आणि दक्षिण मुंबईतील एकोणिसाव्या शतकातले पूल ठेंगणे होते. सँडहर्स्ट रोडचा हँकॉक पूल जानेवारी २०१६ मध्ये पाडण्यात आला. गाड्यांचा अडथळा दूर झाला. परंतु नवा पूल होईपर्यंत २०२२ साल उजाडले, आणि दरम्यान रहिवासी, त्यांत शाळकरी मुलेही, रूळ ओलांडत राहिली. कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला आणि त्याच्या जागचा पूल जुलै २०२५ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात परळ आणि प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टन पूल उन्नत मार्गाच्या कामासाठी बंद झाला.

एल्फिन्स्टनचे नाव निघाले की २९ सप्टेंबर २०१७ आठवणारच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या मोडीत निघाल्या होत्या आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले होते. परळ, लोअर परळ, करी रोड ही स्थानके वस्तीच्या मापाची. त्यांच्यावर आता कल्याण आणि विरारहून येणारी नोकरदारांची गर्दी उतरू लागली. त्या सकाळी पाऊस पडत असताना एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. त्यानंतर लष्कराने बांधलेला नवा पादचारी पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. गाड्यांचे डबे वाढले, वीजपुरवठा वाढला. त्या गाड्यांतून उतरलेल्या माणसाला चालायला लागणारी वाट मात्र वाढली नव्हती. चालणे हा गिरणगावाचा जुना प्रश्न होता. योजनाकारांनी तो प्रवासाचा भाग मानलाच नाही.

आता गिरणी कामगारही त्या तारेच्या कडेने निघाला आहे, पण गिरगावकराप्रमाणे आपखुशीने नव्हे. अनेक कामगार-कुटुंबांनी संपानंतरच खोल्या विकून दूरचे उपनगर गाठले. अलीकडे राज्य सरकारने त्यांच्यासाठी घरे देऊ केली, ती कल्याण-कर्जत मार्गावरील शेलू आणि वांगणी येथे. कामगार संघटनांनी त्याला विरोध केला आणि जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन करून मुंबईतच घरे मागितली. लोकल तेथपर्यंत जाते, मग अडचण कोणती, असे कोणी विचारील. अडचण अशी की, मध्यमवर्गाला १९२८ नंतर लोकलने घर आणि काम यांत निवड करण्याची मुभा दिली. सत्तरीतल्या कामगाराला तीच लोकल आता त्याच्या वस्तीपासून दूर नेण्याचे कारण म्हणून दाखवली जात आहे. विद्युतीकरणाच्या शताब्दीचा हिशेब मांडताना व्होल्ट, डबे आणि फेऱ्या यांच्याबरोबर मुळशीचे खोरे, हँकॉक पुलाखालचे रूळ आणि वांगणीची घरेही त्याच वहीत लिहिली पाहिजेत.