वधूचे मोल आणि वधूचा मान



अमेरिकेच्या मैदानी मुलखातील मूळ रहिवाशांचे, म्हणजे ज्यांना आपण 'रेड इंडियन' म्हणत आलो त्यांचे, नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातला घोडेस्वार उभा राहतो. डोक्याला पिसांचा तुरा, हाती भाला, तोंडी आरोळी. या घोडेस्वारालाही घर होते, घरात आजी होती, उपवर बहीण होती आणि तिच्या लग्नाचा घोर होता, ही गोष्ट त्या चित्रात कोठेच येत नाही. आपल्याला आज त्या घरात डोकवायचे आहे. प्रश्न एवढाच, की वडीलधाऱ्यांनी घोडे स्वीकारून मुलीचे लग्न ठरवले, तर ती मुलगी विकली गेली असे म्हणावे काय?

हे लोक म्हणजे सू. 'सू' हे त्यांचे स्वतःचे नाव नव्हे. शेजारच्या ओजिब्वे लोकांनी दिलेल्या नावाचा फ्रेंच व्यापाऱ्यांच्या तोंडी झालेला तो अपभ्रंश. ते स्वतःला डकोटा किंवा लकोटा म्हणवितात. ज्यांच्याशी सख्य आहे ते, असा त्या शब्दाचा भाव. मिनेसोटातील सरोवरांपासून मिसुरी नदीपलीकडच्या गवताळ मैदानापर्यंत त्यांची वस्ती पसरलेली होती. अठराव्या शतकात घोडा त्यांच्या हाती आला आणि रानरेड्यांच्या शिकारीवर चालणारे त्यांचे जीवन पालटून गेले. शिकार, स्वारी, स्थलांतर, दान, प्रतिष्ठा या सर्वांचे माप घोडा हेच झाले.

पण या समाजाचा खरा कणा घोडा नव्हता. नाते हा होता. आप्तांच्या तळाला ते 'तियोश्पाये' म्हणत. बापाचा भाऊ तोही बाप, आईची बहीण तीही आई. माणसाला नुसत्या नावाने हाक मारणे असभ्यपणाचे. प्रत्येकाला नात्यानेच संबोधायचे, आणि ज्या नात्याने संबोधले त्या नात्याचे वर्तन ओघानेच आले. जावई सासूशी समोरासमोर बोलत नसे, सून सासऱ्याकडे नजर उचलून पाहत नसे. यात वैर नव्हते, आदर होता. नवऱ्याचे नाव केवळ उखाण्यात घेणाऱ्या आणि सासऱ्यासमोर पदर सावरणाऱ्या बायका ज्यांनी घरात पाहिल्या आहेत, त्यांना हे फार समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा समाजात लग्न हे दोन माणसांचे न राहता दोन गोतांचे होणार, हे उघड आहे. त्याच्या तीन रीती होत्या. वराकडील मंडळींनी घोडे व इतर वस्तू वधूच्या घरी पोचवून तिला मागणी घालायची, ही सर्वांत मानाची. दोन्ही घरांनी संमतीने देणेघेणे करून लग्न लावायचे, ही दुसरी. आणि मुलामुलीने परस्पर पळून जायचे, ही तिसरी; ती चालत असे, पण तिला मान नव्हता. घोडे देऊन मागितलेली बायको आयुष्यभर ताठ मानेने वावरे. शिवाय संसाराचा तंबू स्त्रीच्या मालकीचा असे. नवऱ्याशी पटले नाही तर त्याचे सामान बाहेर ठेवून ती त्याला वाट दाखवू शके. विकत घेतलेल्या वस्तूला असा अधिकार कोण देतो?

आपल्या स्मृतिकारांच्या चष्म्यातून पाहणारा मनुष्य याला चटकन 'आसुर विवाह' म्हणून मोकळा होईल. गोऱ्या अधिकाऱ्यांनीही निराळे काही केले नाही. त्यांनी घोडे पाहिले आणि 'बायका विकणारे लोक' असा शेरा मारला.

या शेऱ्याला आतून उत्तर देणारी बाई म्हणजे एला डेलोरिया. तिचा जन्म 1889 साली दक्षिण डकोटातील यँक्टन राखीव प्रदेशातला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक, पण घरात भाषा डकोटा. ती न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकली. तेथे प्रसिद्ध मानवशास्त्रज्ञ फ्रांत्स बोआस यांनी तिच्या भाषाज्ञानाचे मोल ओळखले. राखीव प्रदेशांत हिंडून तिने वृद्धांकडून कथा टिपल्या आणि 1932 साली त्या मूळ भाषेसह प्रसिद्ध केल्या. बोआस यांच्यासमवेत लिहिलेले डकोटा व्याकरण 1941 साली निघाले. परंतु कोष्टकांत आणि व्याकरणात न मावणारे बरेच काही तिच्याजवळ उरले होते. एखाद्या सुनेला परक्या तळावर पहिल्या रात्री काय वाटत असेल, हे कोणत्या कोष्टकात लिहायचे? म्हणून तिने 'वॉटरलिली' नावाची कादंबरी लिहिली. ती 1940 नंतरच्या दशकात लिहून झाली, पण प्रकाशक मिळेना. एला 1971 साली वारली आणि पुस्तक 1988 साली छापले गेले.

वॉटरलिली, म्हणजे कुमुदिनी म्हणा ना, हे नायिकेचे नाव. तिच्या आईला पहिल्या नवऱ्याने चारचौघांत टाकून दिलेले. दुसऱ्या घरात मात्र मायलेकींना माया लाभते. वयात आलेल्या वॉटरलिलीला सूर्यनृत्याच्या मेळ्यात लोवान्ला नावाचा गाता तरुण आवडतो. पुढे आजी वारते. आजीच्या नावाने दान करायचे तर घरात घोडे हवेत, आणि नेमके त्याच वेळी सेक्रेड हॉर्स नावाच्या तरुणाकडून घोड्यांसह मागणी येते. तिच्यावर सक्ती कोणी करीत नाही. नाही म्हणण्याची मुभा तिला आहे. ती हो म्हणते, कारण आजीचे ऋण तिला आपल्या आवडीपेक्षा मोठे वाटते.

येथे लेखिकेचा प्रामाणिकपणा दिसतो. मुलगी हो म्हणाली म्हणून ती सुखी झाली, असे ती लिहीत नाही. नवरा सज्जन आहे, सासर भले आहे; पण परक्या तळावर मर्यादा पाळता पाळता तिचा जीव गुदमरतो. मग देवीची साथ येते आणि नवरा जातो. ती माहेरी परतते, तिला मुलगा होतो, आणि पुढे लोवान्लाशीच तिचे लग्न होते. तो मृत नवऱ्याच्या नात्यातलाच निघतो, म्हणून ते लग्न नात्याच्या नियमातही बसते. कादंबरीकाराने साधलेला हा योग गोड आहे, हे मान्य केले पाहिजे.

इतिहासात असे योग क्वचित जुळतात. लकोटांचा विख्यात योद्धा क्रेझी हॉर्स याचे मन ब्लॅक बफेलो वूमन नावाच्या तरुणीवर जडले होते. तो स्वारीवर असताना तिचे लग्न नो वॉटर याच्याशी झाले, आणि त्यामागे वडीलधाऱ्यांचा हिशेब होता असे परंपरा सांगते. सुमारे 1870 साली ती मुले नातलगांकडे ठेवून क्रेझी हॉर्सबरोबर निघून गेली. नवरा सोडण्याचा तिला रूढीने अधिकार होता. पण नो वॉटरने पाठलाग करून क्रेझी हॉर्सच्या तोंडावर गोळी झाडली. तो वाचला. दोन गोतांत रक्तपात होणार असे दिसताच वडीलधारे मध्ये पडले. नो वॉटरकडून भरपाईचे घोडे आले, बाई परत गेली, आणि क्रेझी हॉर्सला लोकांनी दिलेले नेतेपदाचे मानाचे वस्त्र उतरवावे लागले. म्हणजे जो घोडा दोन घरे जोडीत असे, तोच फाटलेली घरे शिवण्यासही लागे. त्याला नुसती 'किंमत' म्हटले, तर अर्धा अर्थ हातातून निसटतो.

मात्र हा अर्थ समजून घेण्याइतकी सवड सत्तेला नव्हती. 1877 साली काळे डोंगर हिरावले गेले आणि त्याच वर्षी क्रेझी हॉर्स मारला गेला. 1883 साली अमेरिकन सरकारने 'इंडियन गुन्ह्यां'ची नियमावली केली. सूर्यनृत्य गुन्हा, बहुपत्नीत्व गुन्हा, शोकात मालमत्तेचा नाश करणे गुन्हा. आणि मुलीच्या आप्तांना मोलाची वस्तू देऊन तिला बायको म्हणून नेणे हाही गुन्हा. शिक्षा काय? शिधा बंद, किंवा साठ दिवसांपर्यंत कैद. रानरेड्यांचे कळप नामशेष होत आलेले, तेव्हा शिधा बंद म्हणजे उपासमार. पुढे 1887 च्या कायद्याने जमिनीचे तुकडे कुटुंबवार वाटले आणि तियोश्पायेची बैठकच मोडली. वॉटरलिलीचे मन जेथे जडले तो मेळा आणि ज्या घोड्यांनी तिचे लग्न ठरले ते घोडे, दोन्ही कायद्याने गुन्हा ठरले. एलाचा जन्म त्यानंतर सहा वर्षांचा. तिने जे लिहिले ते जुन्या माणसांच्या तोंडून वेचलेले होते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर काय? मुलगी विकली जात नव्हती. पण ती सर्वस्वी स्वतंत्रही नव्हती. तिला नाही म्हणता येत होते, आणि 'हो' म्हणण्याचे ओझे तिच्या एकटीच्या खांद्यावर नात्यांनी ठेवलेले होते. हे ओझे प्रेमाचे असल्यामुळे हलके होत नाही, उलट अधिकच जड होते. तो समाज निर्दोष होता असे एला डेलोरिया म्हणत नाही. तिचे मागणे इतकेच दिसते, की ज्यांचा न्याय करायचा त्यांच्या घरात आधी बसावे, त्यांची नाती शिकावीत, आणि मग बोलावे. 1883 चे नियम लिहिणाऱ्यांनी एवढे केले असते, तर त्यांच्या नियमावलीतील निदान एक कलम तरी लिहिले गेले नसते.