मिरचीचे आगमन : जनुकीय विविधतेच्या साक्षीतून एक पुनर्विचार

‘पोर्तुगीजांनी मिरची भारतात आणली’ हे विधान आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्याची चिकित्सा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला आणि तेथून हे पीक देशभर पसरले, असा त्याचा आशय असतो. हे विधान असत्य नाही, परंतु अपुरे आहे. त्यातील ‘मिरची’ हे एकवचन फसवे आहे.

कॅप्सिकम ही मूळची अमेरिका खंडातील प्रजाती असून तिच्या पाच जाती लागवडीखाली आल्या. त्यांपैकी ॲन्युअम ही जाती मेक्सिकोत, तर चायनेन्स ॲमेझॉनच्या खोऱ्याकडे माणसाळली. लिनियसने १७५३ मध्ये ॲन्युअम व फ्रुटेसेन्स या जातींची नोंद केली. जॅक्विनने १७७६ मध्ये तिसरीला ‘चायनेन्स’ म्हटले, ते ती चीनची आहे या गैरसमजातून. अर्थात नावांनी दिशाभूल करणे हे काही वनस्पतिशास्त्राचेच वैशिष्ट्य नव्हे. आपणही नव्या फळाला जुन्या मिऱ्यावरूनच ओळखले.

या तिन्ही जाती भारतात आढळतात. ईशान्येकडील भूत जोलोकिया २००० मध्ये फ्रुटेसेन्स गटात नोंदली गेली होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए विश्लेषणाने ती प्रामुख्याने चायनेन्स असून तिच्यात फ्रुटेसेन्सचा काही अंश मिसळला आहे, असे दाखविले. येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावयास हवे. पोर्तुगीजांचा संबंध १५०० पासून ब्राझीलशी होता, तर मेक्सिको स्पेनच्या अमलाखाली होता. मेक्सिकोतील वाण आशियात येण्यास इबेरियामार्गे एक वाट होती. १५६५ पासून आकापुल्को–मनिला या जलमार्गाने दुसरीही वाट खुली झाली. अशा भिन्न उगमांच्या जाती एकाच खेपेत गोव्यास उतरल्या असे मानण्यापेक्षा अनेक आगमने गृहीत धरणे अधिक सयुक्तिक होय.

आगमनानंतरचा इतिहास शेतकऱ्यांनी घडविला. मोजक्या बियांपासून सुरू झालेल्या लागवडीत मूळ विविधतेचा अल्पांशच येतो. तथापि मिरचीत स्वपरागणाबरोबर परपरागणही बऱ्याच प्रमाणात होते, आणि बियांसाठी कोणते फळ राखावयाचे हा निर्णय प्रत्येक घरी वेगळा होतो. बेडगी मिरची गडद रंगासाठी व सौम्य तिखटासाठी निवडली गेली. तिच्याच जातीतील ढोबळी मिरचीला तिखटपणा नाही, कारण ‘पन-१’ या जनुकाचा एक तुकडा तिच्यात गळालेला आहे. हे २००५ मध्ये सिद्ध झाले. एवढ्या लहानशा बदलावर मसाला आणि भाजी यांतील भेद उभा आहे.

हा जिवंत दस्तऐवज आता पुसट होऊ लागला आहे. बेडगीला २०११ मध्ये व काणकोण तालुक्यातील खोला मिरचीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. मात्र मानांकन नावाचे रक्षण करते. शेजारच्या शेतातील संकरित वाणाचे पराग त्याने अडत नाहीत. जनुकपेढीत बी जतन होते, पण ते कोणत्या गावचे, कोणाकडून आले, किती पिढ्या त्या घरात राखले, ही माहिती सोबत नसेल तर इतिहासासाठी त्याचे मोल फार उरत नाही. वनस्पतिशास्त्र व इतिहास या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील गावांत एकत्र जाऊन, बियाणे राखणाऱ्या वृद्ध स्त्रियांकडून ही नोंद घेणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे.